बजेट घराचं, फोटो बाहेरचे

गेल्या महिन्यात मामेभावाचा मेसेज आला. "दादा, चाळीस हजारांत कुठला डीएसएलआर घेऊ? तीन मॉडेल शॉर्टलिस्ट केलीत." खाली तीन स्क्रीनशॉट. मेगापिक्सेल किती, आयएसओ कुठवर जातो, सेकंदाला किती फ्रेम निघतात, स्क्रीन फिरते की नाही.

पैसे मामाचे. मामा गुहागरजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे. हे चाळीस हजार कुठून येणार तेही मला ठाऊक आहे. मामीने दोन वर्षं भिशी भरली आहे, स्वयंपाकघरातला ओटा नव्याने बांधायला.

मी लगेच उत्तर दिलं नाही. सहा वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न विचारत फिरत होतो. माझ्याकडे तर एक्सेल शीट होती, चौदा कॉलमांची. इंजिनिअरिंग करून नुकतीच नोकरी लागली होती, तेव्हा कुठलीही वस्तू तिच्या आकड्यांवरून कळते अशी खात्री होती. त्या चौदा कॉलमांत एक कॉलम नव्हता. आमच्या घरात उजेड किती असतो?

हा लेख त्या राहिलेल्या कॉलमाबद्दल आहे. भांडण दुकानदाराशी आहे, यूट्यूबवरच्या रिव्ह्यूवाल्यांशी आहे, घरातल्या "जपून वापर"शी आहे, आणि सगळ्यात जास्त माझ्याशी आहे.

अडतीस हजार

२०१९ ची दिवाळी. पुण्यात नोकरीला सहा महिने झाले होते. माझ्याकडे वीस हजार साठले होते. उरलेले अठरा बाबांनी दिले. बाबा चिपळुणात एका पतसंस्थेत क्लार्क होते. त्यांची रिकरिंग मुदत संपली होती आणि ते पैसे वॉशिंग मशीनसाठी ठेवलेले होते. आई म्हणाली, "मशीन काय, पुढच्या वर्षी घेऊ. त्याला हौस आहे तर घेऊ दे."

दुकानदाराने मला काय घ्यायचंय ते विचारलंच नाही. किती घेऊन आलोय ते विचारलं. मग काउंटरवर डबा मांडला: चोवीस मेगापिक्सेलची बॉडी, १८-५५ ची लेन्स, ५५-२५० ची लेन्स. बॅग फ्री, ट्रायपॉड फ्री, कार्ड फ्री. "डबल झूम आहे, पुढची पाच वर्षं दुसरं काही घ्यावं लागणार नाही." मला वाटलं, दोन लेन्स म्हणजे दुप्पट कॅमेरा.

घरी नेला. सगळ्यांना दाखवला. आईने हात पुढे केला तर म्हणालो, "थांब, लेन्सला बोट लागेल." बाबा म्हणाले, "जपून वापर. रोज काढू नकोस." अशा रीतीने कॅमेरा घरात आला आणि त्याच दिवशी घरातल्या माणसांपासून लांब गेला.

पुढचे एकवीस महिने मी फोटोग्राफर होतो. खंड्या, बगळे, गोवळकोटच्या खाडीवरचा सूर्यास्त, चंद्र, पानावरचा थेंब. मागचं सगळं धूसर करून टाकायचं याला बोके म्हणतात, हे आईला समजावलं, तेव्हा तिने विचारलं, "कुठले बोके? शेजारचे?"

पूर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणभर पसरलं, हे बातम्यांत सगळ्यांनी पाहिलं. लॉकडाऊनपासून मी घरूनच काम करत होतो, पण त्या आठवड्यात पुण्यातली खोली सोडायला म्हणून आलो होतो. लॅपटॉप माझ्याबरोबर. कॅमेरा घरी, बॅगेत, माळ्यावर. आईबाबा पहाटेच वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेले म्हणून वाचले. मी पोचलो तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि घरात गुडघाभर चिखल होता.

पाणी माळ्याच्या खाली वीतभर थांबलं होतं. कॅमेऱ्याला थेंब लागला नाही. खालच्या कपाटातले अल्बम मात्र गेले. नव्वदच्या दशकात बाबांनी कोडॅकचा केबी-१० घेतला होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, तेही मोजून काढायचे. ते सगळे एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती. आईने ती वीट दोन दिवस उन्हात ठेवली, मग टाकून दिली.

दिवाळीच्या सुमारास घराला रंग द्यायला माणसं आली. चौकट कुजली होती, ती बदलली. तेव्हा आई म्हणाली, "स्वयंपाकघराच्या चौकटीवर तुमच्या उंचीच्या रेघा होत्या बघ. तारखा घातलेल्या. त्यांचा एखादा फोटो असेल ना तुझ्याकडे? एवढा कॅमेरा होता."

म्हटलं, बघतो.

त्या रात्री मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात एक्झिफ नावाची नोंद असते: तारीख, लेन्स किती एमएमवर होती, शटर किती वेळ उघडं होतं. ती सगळी काढली. बाकीचं डोळ्यांनी मोजलं. एकवीस महिन्यांत दोन हजार तीनशे चौदा फोटो. त्यातले सोळाशेच्या वर लांबच्या झूमने काढलेले, म्हणजे पक्षी आणि चंद्र. नुसत्या चंद्राचे सत्त्याण्णव. घराच्या आतले त्रेचाळीस. त्यातले एकोणतीस गणपतीच्या आराशीचे. उरलेल्या चौदांपैकी सहांत आई होती. चारांत हललेली, दोनांत फ्लॅशने पांढरीफटक.

चौकट एकातही नव्हती.

पुराने केबी-१० चे फोटो नेले. माझ्या अडतीस हजारांच्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो सुखरूप होते. एकही घराचा नव्हता.

दिव्याखालचं गणित

तुम्ही म्हणाल, हा तुझा दोष, कॅमेऱ्याचा नव्हे. पन्नास टक्के मान्य. उरलेल्या पन्नास टक्क्यांचं गणित मांडतो, कारण तिथेच घराघरांतले पैसे बुडतात.

आपली घरं अंधारी असतात. कोकणातलं घर ऊन-पावसापासून लपायलाच बांधलेलं असतं. शहरातला वन बीएचके शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून उभा असतो. घरातली माणसं एकत्र येतात ती संध्याकाळी, एका ट्यूबलाइटखाली. डोळ्यांना तो उजेड पुरतो, कॅमेऱ्याला पुरत नाही.

लेन्समधून उजेड आत येण्याचं जे भोक असतं, ते अॅपर्चर. त्याचा आकडा उलटा चालतो: आकडा लहान, तर भोक मोठं. बॉडीबरोबर डब्यात येणाऱ्या १८-५५ लेन्सवर एफ/३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. म्हणजे झूम करून चेहऱ्याजवळ गेलात की भोक एफ/५.६ इतकं बारीक होतं. याउलट झूम नसलेली, एकाच अंतराची साधी लेन्स, जिला प्राइम म्हणतात, ती एफ/१.८ ची मिळते. उजेड या आकड्याच्या वर्गाच्या हिशेबाने बदलतो. ५.६ ला १.८ ने भागा, वर्ग करा: साडेनऊच्या वर. तोच दिवा, तीच आई, तोच कॅमेरा, आणि सेन्सरवर जवळजवळ दहापट उजेड.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. रात्री साध्या दिव्याखाली, आयएसओ १६०० ला, एफ/५.६ वर साधारण १/३० सेकंद शटर लागतो. तेवढ्या वेळात चपाती लाटणारा हात हलतोच. एफ/१.८ वर तोच फोटो १/३०० सेकंदात होतो. हात थांबतो, पोरगं पळत असलं तरी थांबतं. एक अडचण राहते: आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि फार वेगवान शटरला फोटोत पट्टे येऊ शकतात. मग १/१०० ठेवायचं. पण ठेवायचं की नाही हे ठरवायला आधी उजेड हातात हवा.

डब्यातल्या जोडीने माझ्या हातात तो दिलाच नव्हता. तिच्यात लांब पोचायची सोय होती, अंधारात बघायची नव्हती. म्हणून मी आपोआप बाहेर पडलो, उन्हात, पक्ष्यांकडे. कॅमेऱ्याला जिथे बरं दिसतं तिथेच माणूस फोटो काढतो. घरात चार फोटो हलले की आपण म्हणतो "मला जमत नाही", आणि कॅमेरा माळ्यावर जातो. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला अशी आपण टर उडवतो. कॅमेऱ्यात मात्र मसाल्यालाच चव आहे. बॉडी स्वस्तातली घ्या, जुनी घ्या. पैसे लेन्सवर घाला.

मेगापिक्सेलचा जोगवा

मामेभावाच्या तिन्ही स्क्रीनशॉटांत पहिली ओळ मेगापिक्सेलची होती. त्यालाही हिशेबच लावू.

अल्बममधला नेहमीचा फोटो चार बाय सहा इंचांचा. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके धरले तर १८०० गुणिले १२००, म्हणजे एकवीस लाख साठ हजार. दोन मेगापिक्सेलच्या जरा वर. फुल एचडी टीव्हीचा पूर्ण पडदा भरायलाही दोनच लागतात. भिंतीवर लावायला बारा बाय अठरा इंचांचा काढलात तरी वीसच्या आत काम होतं. कॅननचा ३००डी २००३ मध्ये आला, हजार डॉलरच्या आतला पहिला डीएसएलआर म्हणून गाजला. त्यात सहा मेगापिक्सेल होते. अल्बमला लागतात त्याच्या जवळजवळ तिप्पट.

आणि आपण करतो काय? चोवीस मेगापिक्सेलचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो. ते बिचारं तो दाबून चपटा करून मावशीला देतं. मावशी अंगठ्याएवढा बघून "छान" म्हणते. या साखळीत चोवीस आणि सोळा यांतला फरक कोणाला दिसणार आहे?

मेगापिक्सेल हा आकडा डब्यावर छापायला सोपा आहे, इतकंच. "तुमच्या घरात रात्री साडेआठला आईचा चेहरा दिसेल" हे डब्यावर छापता येत नाही.

"फोनच पुरे" आणि "डीएसएलआर मेला"

आता यूट्यूबकडे. तिथे दोन पंथ आहेत.

पहिला म्हणतो, फोनच पुरे. यात तथ्य आहे आणि मी ते लपवणार नाही. फोन खिशात असतो, कॅमेरा नसतो. फोन एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो, म्हणून स्थिर वस्तूचा रात्रीचा फोटो तो झकास काढतो. रील आणि स्टेटस एवढंच करायचं असेल तर हा लेख इथेच सोडा, पैसे वाचवा. पण हलणाऱ्या माणसाच्या फ्रेम जोडताना तो गोंधळतो आणि कातडीचं मेण करून टाकतो. फोनचा सेन्सर नखाएवढा; साध्या डीएसएलआरचा साधारण तेवीस बाय पंधरा मिलिमीटरचा. जेवढं मोठं घमेलं, तेवढं पावसाचं पाणी जास्त. आणि फोन तीन-चार वर्षांत बदलतोच. दर वेळी तीस हजारांचा फोन घेताना घरात कोणी "चैन" म्हणत नाही.

दुसरा पंथ म्हणतो, डीएसएलआर मेला, मिररलेस घ्या. हेही खरं आहे. २०२० मध्ये आलेला ईओएस-१डी एक्स मार्क थ्री हा आपला शेवटचा फ्लॅगशिप डीएसएलआर असेल, असं कॅननच्या प्रमुखांनी २०२१ मध्ये सांगून टाकलं. नवं संशोधन, नव्या लेन्स, सगळं मिररलेसमध्ये चाललंय. पण ही मृत्यूची बातमी कोणासाठी वाईट? जो दर दोन वर्षांनी बॉडी बदलतो त्याच्यासाठी. हौशी मंडळी डीएसएलआर विकून मिररलेसकडे पळाली आणि त्यांचे कॅमेरे निम्म्याहून कमी किमतीत बाजारात आले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असं आपण थट्टेने म्हणतो. इथे म्हैस खरंच मणभर देते.

निकॉनच्या डी३५०० सारख्या सुरुवातीच्या मॉडेलचा शटर एक लाख क्लिक धरून तपासलेला असतो. मी एकवीस महिन्यांत दोन हजार तीनशे चौदा केले. या वेगाने एक लाखाला पंचाहत्तर वर्षं लागतील. वीस हजार क्लिक झालेला जुना कॅमेरा घरच्या वापराला म्हातारा नाही. तो नुकताच कॉलेजात गेलाय.

चैन कोणाची?

"कॅमेरा ही चैन" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्ये, डिजिटल कॅमेरा २८ टक्क्यांच्या वरच्या टप्प्यात होता. १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्क्यांत आला. सरकारला सुचलं ते आमच्या घराला कळायला पूर यावा लागला.

हेच घर चुलत बहिणीच्या लग्नात फोटो-व्हिडिओवाल्याला सत्तर हजार देताना कुरकुरलं नाही. प्री-वेडिंग वेगळं. त्या एका दिवशी सगळे नटलेले असतात, सगळे एकाच पद्धतीने हसतात, आणि कोणीही आपल्या रोजच्या जागेवर नसतं. त्या दिवसाला सत्तर हजार. आधीच्या पंचवीस वर्षांना आणि नंतरच्या चाळीस वर्षांना शून्य. तो अल्बम लोखंडी कपाटात जातो. मग एक दिवस कोणीतरी विचारतं, चौकटीचा फोटो आहे का?

पण इथे मला स्वतःच्या बाजूनेही थांबावं लागतं. माझ्या अडतीस हजारांतले अठरा वॉशिंग मशीनचे होते. "पुढच्या वर्षी" आलं ते कोविड घेऊन, त्याच्या पुढच्या वर्षी पूर. आई जवळजवळ अडीच वर्षं हाताने कपडे धूत राहिली, आणि मी चंद्राचे सत्त्याण्णव फोटो काढले. कुठल्याही रिव्ह्यूत हा कॉलम नसतो. म्हणून "घ्याच" असा प्रचार मी करत नाही. माझं म्हणणं एवढंच की घराचे पैसे लागणार असतील तर फोटोही घराचे हवेत. पक्षीच काढायचेत? जरूर काढा, सुंदर छंद आहे. पण तो तुमच्या पगारातून करा आणि त्याला छंदच म्हणा. "घरासाठी कॅमेरा" म्हणू नका.

हात कोणाचा?

पुरानंतरच्या त्या मोजणीत मला आणखी एक गोष्ट दिसली. दोन हजार तीनशे चौदांपैकी एकही फोटो माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी काढलेला नव्हता. घरातल्या तीन माणसांच्या पैशांनी आलेली वस्तू एकट्याची झाली होती, आणि हे कोणाला खटकलंही नव्हतं. मलासुद्धा.

होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावावर. निदान तिथे कॅमेरा त्यांच्या हातात तरी होता. आपल्या घरात नाव सोडा, कॅमेराच आईच्या हातात जात नाही. "महाग आहे, राहू दे." मग फोटोत बाबा असतात, पोरं असतात, गणपती असतो. आई नसते, कारण ती मोदक आणायला आत गेलेली असते. आणि ती काय बघते ते तर कधीच नसतं.

२०२२ मध्ये कॅमेरा माळ्यावरून काढला. दोन्ही लेन्समध्ये बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यात बंद बॅगेत वर्ष काढल्यावर दुसरं काय होणार? काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बॉडी ठणठणीत होती. साफ करायला सांगितलेल्या पैशांत थोडे घालून मी ५० एमएम एफ/१.८ घेतली. साडेनऊ हजार. २०१९ मध्ये दुकानात मी हिच्याकडे बघितलंही नव्हतं. झूम होत नाही म्हणे.

या वेळी पहिल्याच दिवशी कॅमेरा आईच्या हातात दिला. डायल अॅपर्चरच्या मोडवर, आकडा १.८, आयएसओ ऑटो. "फक्त बटण दाब. अर्धं दाबून टिक वाजली की पूर्ण." तिने पहिला फोटो बाबांचा काढला, बशीत चहा ओतताना. फोटो तिरका आहे. फोकस बाबांवर नाही, बशीवर आहे. बाबांचा चष्मा वाफेने धुरकटलाय. ट्यूबलाइटखाली, रात्री नऊ वाजता, काढलेला. माझ्या दोन हजार तीनशे चौदांत याच्या जवळ जाईल असं काही नाही.

मामेभावाला पाठवलेलं उत्तर

शेवटी त्याला उत्तर लिहिलं. लांबलं, म्हणून ते इथे नीट करून देतो. तुमच्यापैकी कोणी शॉर्टलिस्ट घेऊन बसलं असेल तर उपयोगी पडेल.

एक. आधी लेन्स ठरव, मग बॉडी. दुकानात सगळं उलटं चालतं. लहान खोल्यांचं घर असेल तर निकॉनची डीएक्स ३५ एमएम एफ/१.८ बघ, दहा फुटांवरून साडेसहा फुटांच्या आसपास रुंदी फ्रेममध्ये येते, चार माणसं बसतात. कॅननची ५० एमएम एफ/१.८ स्वस्त आणि चेहऱ्यांना सुंदर, पण दहा फुटांवरून तिच्यात साडेचार फूटच मावतात. माझी पाठ रोज फ्रिजला लागते.

दोन. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. तिथे एएफ-एस लिहिलेली लेन्सच घे. एएफ-डी लिहिलेली जुनी लेन्स स्वस्त मिळते, पण या बॉडींवर तिचा फोकस हाताने करावा लागतो. विकणारा हे सांगेलच असं नाही.

तीन. बॉडी जुनी घे. शटर किती वेळा चाललाय ते विचार. निकॉनच्या फोटोच्या एक्झिफमध्ये तो आकडा सापडतो. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघ, धागे दिसले तर परत ये. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर फोटो काढ, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसेल. बॅटरी फुगलेली नाही ना बघ. मूळ बिल मागच.

चार. बॅग नको. घट्ट झाकणाचा डबा आण, मामीकडे असेलच, आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. कोकणात हीच खरी अॅक्सेसरी. आणि डबा माळ्यावर नको, टीव्हीशेजारी ठेव. दिसला तर हातात येईल.

पाच. दर तीन महिन्यांनी पन्नास फोटो छापून घे, दोन-दोन प्रती. एक प्रत दुसऱ्या गावी दे. आम्ही सॉफ्टवेअरवाले बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवतो, तेच हे. पुरानंतर आमच्याकडे लहानपणचे जे अकरा फोटो परत आले, ते सगळे बाबांनी कधीतरी रत्नागिरीच्या मावशीला दिलेले होते. जपून ठेवलेलं बुडालं, वाटलेलं परत आलं.

सहा. आत्ताच्या भावाने बॉडी चौदा-पंधरा हजार, वापरलेली ३५ एमएम आठेक, कार्ड आणि जादा बॅटरी दोन. पंचवीस हजारांत होतं. उरलेले पंधरा मामीला परत दे. भिशी तिची आहे.

सात. हे सगळं करायच्या आधी तिला विचार, तुला कशाचे फोटो हवेत? तू विचारलं नसशील, मीही विचारलं नव्हतं.

दोन दिवस काही आलं नाही. मला वाटलं चिडला. तिसऱ्या दिवशी रात्री त्याचा मेसेज आला: "आई म्हणते, ओटा तोडायच्या आधी त्याचा एक चांगला फोटो काढून ठेव. तिच्या सासूबाईंनी बांधून घेतला होता म्हणे, मला माहीतच नव्हतं."

खाली फोनने काढलेला फोटो होता. मागे खिडकी, पुढे अंधार. ओट्याची कड तेवढी दिसत होती, आणि कडेला मामीचा हललेला हात.

मी लिहिलं, "ओटा महिनाभर तोडू नका. कॅमेरा शोधायला लाग."